धाकटीच्या वाट्याला आलेले चार चित्रपट

लुईसा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' ही कादंबरी मराठी वाचकाला 'चौघीजणी' या नावाने माहीत आहे, आणि शांता शेळके यांनी केलेला तो अनुवाद, ज्या घरात दोनपेक्षा जास्त मुली होत्या त्या घरात एकदा तरी येऊन गेला असणार, अशी माझी समजूत आहे. आमच्या घरी तो रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयातून आला. आम्ही तिघी बहिणी. पुस्तक वाचून झाल्यावर त्यातल्या चार बहिणी आम्ही वाटून घेतल्या. ताई मेग झाली, कारण ती मोठी होती. मी ज्यो झाले, कारण मी आधी ओरडले. बेथ मरते म्हणून ती कुणालाच नको होती. उरली एमी, ती धाकटीच्या गळ्यात पडली. त्या वेळी धाकटी नऊ वर्षांची होती आणि तिने पुस्तक उघडलेलेही नव्हते. पुढे तिने ते वाचले तेव्हा ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

यंदा गौरी-गणपतीला आम्ही तिघीही एकाच वेळी माहेरी होतो. गौरी गेल्यावर जो रिकामा, पावसाळी आठवडा मिळाला, त्यात धाकटीच्या लॅपटॉपवरून टीव्हीला केबल लावून आम्ही या कादंबरीवरचे चार चित्रपट चार दुपारी, निघाले त्या क्रमाने पाहिले: १९३३, १९४९, १९९४ आणि २०१९. यांखेरीज इतरही रूपांतरे झालेली आहेत, पण मी लिहिते आहे ते या चारांविषयी. चारही चित्रपटांना मी एकच प्रश्न विचारणार आहे, तो म्हणजे त्यांनी धाकटीचे काय केले. हा प्रश्न बहिणीच्या समाधानासाठी निवडलेला नाही. ज्यो प्रत्येक चित्रपटात ज्योच असते. कॅथरीन हेपबर्नपासून सर्शा रोननपर्यंत चौघींनी ती मनापासून केली आहे आणि ती बिघडवणे तसे अवघडच आहे. मेगचा संसार आणि बेथचा मृत्यू यांच्याही जागा ठरलेल्या आहेत. पण कथा सुरू होते तेव्हा बारा वर्षांची असलेली, नाकाचा शेंडा टोकदार व्हावा म्हणून रात्री त्याला कपड्यांचा चिमटा लावून झोपणारी, कुणाचे तरी उतरलेले कपडे घालावे लागतात म्हणून कुढणारी एमी, शेवटी स्वतःचे बरेवाईट ओळखणारी बाई होते. मुली मोठ्या होतात म्हणजे काय, हे या कथेत सर्वांत जास्त तिच्या अंगावर दिसायला हवे, आणि ते दिसत नसेल तर उरतात फक्त सुंदर पोशाख आणि बर्फ.

१९३३ चा जॉर्ज क्यूकर यांचा कृष्णधवल चित्रपट हा हेपबर्नचा चित्रपट आहे, आणि तिच्यासाठी तो अवश्य पाहावा. ती जिन्यावरून धावते, कुंपणावरून उडी मारते, घोगऱ्या आवाजात नाटकातल्या खलनायकाचे संवाद म्हणते, आणि नव्वद वर्षांनंतरही तिच्यात जुनेपणा जाणवत नाही. एमीची भूमिका जोन बेनेट यांनी केली आहे. त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि चित्रीकरणाच्या काळात गरोदर असल्यामुळे त्यांचे पोशाख त्या बेताने करावे लागले होते. दोष त्यांचा नाही, परंतु बारा वर्षांच्या मुलीचा हट्ट तेविशीतली बाई करू लागली की तो हट्ट न वाटता नखरा वाटतो. पुढे ती मोठी होते तेव्हा काहीच बदललेले दिसत नाही, कारण ती आधीपासून मोठीच होती.

१९४९ च्या मर्विन लरॉय दिग्दर्शित रंगीत चित्रपटाने १९३३ च्याच पटकथेचा बराच आधार घेतला आहे, त्यामुळे लागोपाठ दोन दुपारी पाहताना तेच जेवण दुसऱ्या ताटात वाढल्यासारखे वाटले. एमी झाली आहे सोनेरी केसांचा टोप घातलेली एलिझाबेथ टेलर. ती विनोद चांगला करते, यात शंका नाही. पण बेथच्या भूमिकेसाठी मार्गारेट ओब्रायन ही तिच्याहून पाच वर्षांनी लहान मुलगी घेतल्यामुळे निर्मात्यांनी सरळ बहिणींचा क्रमच बदलून टाकला. बेथ शेंडेफळ झाली आणि एमी तिसरी. बेथचा मृत्यू त्यामुळे जास्त चटका लावतो, हे खरे आहे, आणि ओब्रायनने काम सुरेख केले आहे. परंतु एमीचे सगळे वागणे, तिचे खोटे मोठेपण, अवघड शब्द चुकीचे वापरण्याची सवय, मोठ्या बहिणी आपल्याला नेत नाहीत याचा राग, हे सारे ती शेवटची असण्यातून आलेले आहे. ते स्थान काढून घेतल्यावर ती नुसतीच एक लाडावलेली मुलगी राहते. आमची धाकटी हे पाहून म्हणाली, "एमीकडे एवढं एकच होतं, तेही बेथला देऊन टाकलं."

तिसऱ्या दुपारी खऱ्या अर्थाने चित्रपट सुरू झाला. गिलियन आर्मस्ट्राँग यांच्या १९९४ च्या चित्रपटात एमी बारा वर्षांची दिसते, कारण कर्स्टन डन्स्ट त्या वेळी बाराच वर्षांची होती. हे इतके साधे आहे की ते आधी कुणाला का सुचले नाही, असे वाटावे. आणि बारा वर्षांची मुलगी समोर असली की शाळेतल्या लिंबांचा प्रसंग एकदम जिवंत होतो. मूळ कादंबरीत एमीच्या वर्गात मुरवलेल्या लिंबांचे वेड असते; एकीने दिले की तिला परत द्यावे लागते, न देणारीची पत जाते, आणि एमीवर अशा लिंबांचे कर्ज झालेले असते. मेग तिला पाव डॉलर देते, ती चोवीस लिंबे आणते, त्यातले एक वाटेत खाते, आणि मास्तर ती सारी खिडकीबाहेर फेकायला लावून तिच्या हातावर मारतात. कोकणातल्या शाळेत शिकलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. आमच्या वर्गात मिठातल्या कैऱ्यांचा हाच व्यवहार चाले. आईच्या बरणीतून फोडी काढून, वहीच्या कागदात गुंडाळून, दप्तराच्या तळाशी लपवून न्यायच्या. खार कागदातून झिरपून इतिहासाच्या पुस्तकापर्यंत जाई. आणि जिची खाल्ली तिला आठवड्याच्या आत परत दिली नाही तर मधल्या सुट्टीत तुमच्या शेजारी कुणी बसत नसे. धाकटीने त्या वर्षी किती फोडी उधार खाल्ल्या होत्या आणि त्या कुणी फेडल्या, याचा हिशेब मेगच्या, म्हणजे ताईच्या, डोक्यात आजही आहे आणि तो त्या दुपारी पुन्हा एकदा मांडण्यात आला.

चित्रपटात एमी दुखावलेला हात घेऊन घरी येते आणि मुलीला शिकवणे म्हणजे मांजरीला शिकवण्यासारखेच आहे, असे मास्तर म्हणाल्याचे सांगते. सुसान सॅरंडन यांनी केलेली आई मुलीला त्या शाळेत परत पाठवत नाही. डन्स्टचे रडणे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात हात दुखल्याचे रडणे थोडे आहे आणि चारचौघींत अपमान झाल्याचे जास्त. ज्योचे हस्तलिखित जाळण्याच्या प्रसंगातही हेच. नाटकाला नेले नाही म्हणून बहिणीचे लेखन आगीत टाकणारी मुलगी एरवी राक्षसीण वाटली असती. इथे ती, आपण काय करून बसलो हे अजून पुरते न कळलेली लहान मुलगी वाटते.

पण हाच चित्रपट अर्ध्यावर धाकटीला फसवतो. काही वर्षे उलटतात आणि डन्स्टच्या जागी समँथा मॅथिस येते. नटी बदलणे अपरिहार्य होते, हे मला मान्य आहे. अडचण अशी, की आधीची खट्याळ, लोभस, संतापी एमी या दुसरीत कुठेच सापडत नाही. ती सभ्य, मंद आणि जरा दमलेली वाटते, जणू मोठे होणे म्हणजे आवाज खाली आणणे. तिची आणि लॉरीची, म्हणजे शेजारच्या घरातल्या, पुढे तिचा नवरा होणाऱ्या ज्योच्या मित्राची, युरोपातली भेट त्यामुळे दोन अनोळखी माणसांची भेट होते. त्याआधी बेथला ताप आल्यावर एमीला घराबाहेर पाठवतात तेव्हा लॉरी लहान एमीला जे आश्वासन देतो, तो धागा पुढे जोडता यावा म्हणून ठेवला आहे, पण बारा वर्षांची मुलगी आणि लॉरी झालेला क्रिश्चन बेल असा तो प्रसंग आज पाहताना आम्हा तिघींनाही अवघडल्यासारखे झाले.

एवढे असूनही आईला चारांपैकी हाच चित्रपट आवडला. तिचे लक्ष मात्र एमीपेक्षा घरी येणाऱ्या पत्राकडे होते. चारही चित्रपटांत वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धावर गेलेले असतात आणि त्यांचे पत्र येते; आईच्या खुर्चीभोवती मुली जमतात आणि ती वाचून दाखवते. आमचे वडील मुंबईला असत आणि शिमग्याला, गणपतीला येत, त्यामुळे हे चित्र आम्हाला घरचेच होते. आई मात्र ते पाहून म्हणाली, "पत्र आधी एकटीनं वाचायचं असतं. मग मुलांना दाखवताना काय गाळायचं ते कळतं." चित्रपटातली कोणतीही आई हे करताना दिसत नाही.

ग्रेटा गर्विग यांच्या २०१९ च्या चित्रपटाविषयी सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे. त्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की कथा सरळ न सांगता सात वर्षांच्या अंतरातल्या दोन काळांत उलटसुलट फिरवली आहे आणि नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. मीही ही तक्रार मनात धरूनच बसले होते. आईला इंग्रजी येत नाही. आमच्याकडच्या प्रतीत उपशीर्षके इंग्रजीच होती आणि धाकटी तिच्या शेजारी बसून भराभर मराठीत सांगत होती. पंधरा-वीस मिनिटांनी ती काळांतर समजावायला लागली तेव्हा आईने तिला थांबवले: "कळतंय मला. पिवळं ते मागचं, निळं ते आत्ताचं." बालपणाची दृश्ये खरोखरच दिव्याच्या उजेडासारखी पिवळसर आहेत आणि नंतरची गार, निळसर. भाषा न येणाऱ्या बाईला जे कळले ते आम्हाला समजावून घ्यावे लागावे, याची मला थोडी लाज वाटली आणि तक्रार मी मागे घेतली.

या मांडणीचा खरा लाभ होतो तो एमीला. इतर तीन चित्रपटांत प्रेक्षक आधी दीड तास ज्यो आणि लॉरी यांना एकत्र पाहतो, त्यांचे लग्न ठरवून टाकतो, आणि मग एमी मध्येच येऊन ते हिसकावते. गर्विग मात्र सुरुवातीलाच मोठी झालेली एमी पॅरिसमध्ये गाडीतून लॉरीला हाक मारताना दाखवतात. ज्यो आणि लॉरीचे बालपण त्यानंतर येते. त्यामुळे लॉरी कुणाचा होणार याची ओढाताण सुरूच होत नाही. पुढे मास्तरांचा मार खाल्लेली लहान एमी घरी न जाता लॉरीच्या खिडकीखाली रडत उभी राहते, कधी पाय प्लास्टरच्या बादलीत अडकवून बसते, कारण तिला आपल्या सुंदर पावलाचा साचा लॉरीला द्यायचा असतो. हे सारे विनोद म्हणून येते आणि नंतर आठवत राहते. कादंबरीत एमीला युरोपला नेणारी नातेवाईक दुसरी आहे. इथे ते काम मेरिल स्ट्रीप यांच्या खाष्ट, पैसेवाल्या आजीकडे दिले आहे, आणि घरच्या मुलींपैकी एकीने तरी चांगल्या ठिकाणी लग्न करून सगळ्यांना सांभाळले पाहिजे, हे ओझे ती थेट एमीच्या डोक्यावर ठेवते. धाकटीवर घरचा भार, ही गोष्ट मी या कथेत पहिल्यांदाच पाहिली.

फ्लॉरेन्स प्यू त्या वेळी बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या, म्हणजे १९३३ च्या जोन बेनेट यांच्याच वयाच्या, आणि शाळेच्या दृश्यात खऱ्या लहान मुलींच्या शेजारी त्या चमत्कारिक दिसतात, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा जाडसर आवाज बारा वर्षांचा होत नाही. तरीही ही निवड चुकली असे मी म्हणणार नाही, कारण दोन नट्या घेतल्या असत्या तर १९९४ चीच फट पुन्हा पडली असती. इथे हस्तलिखित जाळणारी आणि सात वर्षांनंतर चित्रकला सोडायचा निर्णय घेणारी, दोन्ही एकच चेहरा आहे. ओठ घट्ट मिटून हनुवटी वर करण्याची लकब दोन्हीकडे तीच आहे. सहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी त्यांना नामांकन मिळाले होते, आणि ते रास्तच होते.

ज्या दृश्यासाठी ते मिळाले असावे, नेमके त्याच वेळी आमच्याकडे वीज गेली. पॅरिसमधली चित्रशाळा, एमी आपण थोर होऊ शकत नाही म्हणून रंग सोडायला निघालेली, लॉरी आरामात रेललेला, आणि टीव्ही काळा. लॅपटॉप चालू होता. तो पाटावर ठेवला आणि पडवीच्या पत्र्यांवर पाऊस कोसळत असल्यामुळे चौघींनी डोकी जवळ आणली. एमी सांगते, की बाईला स्वतःच्या बळावर पोट भरता येईल इतके मिळवण्याचा मार्ग नाही. तिच्याजवळ पैसा असलाच तर लग्न होताच तो नवऱ्याचा होतो. मुले झाली तर तीही त्याचीच. तेव्हा लग्न हा व्यवहार नाही असे निदान तू तरी मला सांगू नकोस. हे ती रडून सांगत नाही, हिशेब वाचून दाखवावा तसे सांगते, आणि बोलणे संपल्यावर कामाचा झगा काढायला त्याला बटणे सोडायला लावते. धाकटी हे आईसाठी मराठीत सांगत होती. अर्ध्यावर ती भाषांतर करते आहे की स्वतःच बोलते आहे, हे मला सांगता येईना. आई एवढेच म्हणाली, "मग? खोटं काय आहे त्यात?"

याच चित्रपटात लॉरा डर्न यांनी केलेली आई ज्योला सांगते, की तिला आयुष्यात जवळजवळ रोज राग येतो. हे वाक्य कादंबरीतलेच आहे. इथे ते इतक्या शांतपणे म्हटले आहे, की आमच्या आईला ते सांगताना धाकटी अडखळली, आणि आईने त्यावर काही म्हटले नाही.

दोष आहेतच. बेथ या चित्रपटात सावलीसारखी वावरते. एलिझा स्कॅनलेन यांना करायला फारसे काही दिलेले नाही. कादंबरीतला मध्यमवयीन, अजागळ जर्मन प्राध्यापक इथे देखणा तरुण झाला आहे, आणि त्यामुळे ज्योच्या लग्नाची थट्टा करू पाहणारा शेवट बोथट होतो. हा शेवट चतुर आहे. ज्यो प्रकाशकाशी घासाघीस करून ६.६ टक्के मानधन आणि कादंबरीचे हक्क स्वतःकडे ठेवते आणि त्या बदल्यात नायिकेचे लग्न लावून द्यायला तयार होते. मला तो व्यवहार लग्नापेक्षा अधिक आवडला. पोशाखांसाठी ऑस्कर मिळाला, त्याबद्दल ताईशी कुणी वाद घालू नये. तिने मेगच्या बाह्या तीनदा मागे नेऊन पाहिल्या.

बहिणींच्या इतर अभिजात कथांमध्ये धाकटीची गत काही वेगळी नसते. १९९५ च्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मध्ये आणि त्याच कथेवरच्या २००० च्या तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन'मध्ये तिसरी बहीण आहे, हे मला आठवून काढावे लागते.

घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर तिला आधी १९९४ चा दाखवावा, कारण तो सरळ चालतो आणि त्यातली एमी तिच्या वयाची आहे. २०१९ चा बहिणींनी मिळून पाहावा, शक्यतो धाकटी हाताशी असताना. १९३३ चा हेपबर्नसाठी. १९४९ चा राहिला तरी चालेल.

चित्रपट संपल्यावर वीज आली. शेवटी एमी ज्योच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवताना क्षणभर दिसते. आईने विचारले, "पण हिनं पुढे स्वतःची चित्रं काढली की नाही?" कादंबरीतली एमी रंग बाजूला ठेवते. पण अल्कॉट यांनी ती जिच्यावरून रचली, त्या त्यांच्या धाकट्या बहिणीने, मे अल्कॉट हिने, ते ठेवले नाहीत. १८६८ च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे तिनेच काढली आणि टीकाकारांनी ती वाईट ठरवली. त्यानंतर ती युरोपात शिकली आणि १८७७ मध्ये पॅरिसच्या मानाच्या वार्षिक प्रदर्शनात तिचे चित्र लागले. दोन वर्षांनी, एकोणचाळिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती गेली. मागे मुलगी राहिली, तिचे नाव मावशीवरून लुईसा ठेवलेले होते.

"मग मूल कुणी वाढवलं?" आईने विचारले.

तिला बोटीने अमेरिकेला पाठवले, आणि लुईसा अल्कॉट यांनी मरेपर्यंत, म्हणजे १८८८ पर्यंत, तिला सांभाळले, असे मी सांगितले.

"म्हणजे ज्योनंच," आई म्हणाली, आणि माझ्याकडे नव्हे, धाकटीकडे पाहत राहिली.